सातभाई कुणावर ओरडत होते

खरं आहे हे. आधीच बजावते, कारण तुमच्या या पेजवर "आजी, स्टोरी भारी आहे" असं लिहून जाणारे लई आहेत. स्टोरी नाही ही. माझी सख्खी बहीण आहे.

आणि अमावास्या, मध्यरात्र, पिंपळ असलं काही पाहिजे असेल तर दुसरीकडं जा. भर दुपार होती. वैशाख महिना. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. केम स्टेशनावर उतरायचं आणि तासभर चालायचं, मग लागायची ती वस्ती. माझ्या बहिणीचं सासर. वस्तीचं नाव सांगणार नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मला त्यांचं तोंडही बघायचं नाही.

मी विजयमाला. लग्न होऊन सोलापुरात शुक्रवार पेठेत आले, ती अजून तिथंच आहे. मी बोलतेय, सून मोबाईलवर लिहून घेतेय. माझा आवाज चढतो मध्येच. चढू दे.

बहिणीचं नाव महानंदा. मी तिला अक्का म्हणायचे. आई-बाप लवकर गेले, पाठीला भाऊ नाही. दोघीच.

भाऊ नसलेल्या पोरी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आमच्या अक्काचं मात्र वेगळंच. माहेरच्या शेतात बाभळीवर सातभाई असायचे. मातकट रंगाचे, पिवळट डोळ्यांचे, सदानकदा कचाकचा भांडल्यासारखे बोलणारे पक्षी. एकटा कधी दिसायचा नाही. दिवसभर टोळीनं उड्या मारत पाला उलथायचे आणि सांज झाली की एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसायचे. अक्का म्हणायची, "चंद्र एकटा हाय गं विजे. हे सात हायेत. ह्यास्नीच ओवाळू की." आणि खरंच ताट घेऊन बाभळीखाली उभी राहायची.

त्यांचं बोलणं आम्हाला कळायचं. वेचताना बारीक चुकचुक चालते, ती म्हणजे मी हितं, तू कुटं. पण साप किंवा मांजर दिसलं की जो कालवा करतात, तो ऐकलेला माणूस विसरत नाही. सगळे खाली येतात. गोल करतात. पंख पाडून, चोची आत करून ओरडतात. जनावर सरकेल तसा तो गोलही सरकतो.

माणसावर ते असे ओरडत नाहीत. माणूस दिसला की उडून जातात.

तो कालवा पिलं न्यायला आलेल्यासाठी असतो.

हे नीट ध्यानात ठेवा, मग पुढं वाचा.

अक्काची पहिली दोन बाळं गेली. महिन्याची होऊन गेली. तिसरी पोरगी झाली तेव्हा तिच्या सासूनं, सोजरबाईनं, आपली जुनी रीत केली. बाळ सुपात घातलं आणि सूप उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मला मुद्दाम सोलापुरातून बोलावून घेतलं होतं.

सोजरबाई मोठ्यानं म्हणाली, "केर हाय. टाकलाय. कुनी नेत असंल तर न्या."

मी पसाभर कण्या तिच्या पदरात घातल्या आणि बाळ उचललं. "मी इकत घेतली. ही माजी हाय."

म्हणून पोरीचं नाव केरा. आता ही रीत अर्धीच केली तर उपयोग नसतो. पुढं कुणी विचारलं की सांगायचं, ही विजीची लेक आहे, आमच्याकडं सांभाळायला ठेवलीय. आपल्या घरची म्हणून नाव घ्यायचं नाही. कारण जे न्यायला येतं, ते आपल्या घरचं शोधत येतं. परक्याचं म्हटलं की दारातून माघारी फिरतं. अक्कानं पोटच्या पोरीला कधी "माझी" म्हटलं नाही. कधीच नाही. पाजताना सुद्धा म्हणायची, "पी गं, विजीच्या लेकी."

पोरगी जगली. चार वर्षांची झाली.

आणि वैशाखात एका सकाळी भाजी मंडईत बिरप्पा भेटला. मेंढरांवाला, अक्काच्या वस्तीकडचाच. खाली मान घालून म्हणाला, "तुजी अक्का गेली की गं."

"कुटं गेली?"

"खडीच्या ट्रकवाल्याबरुबर… असं वस्तीवर सांगत्यात. पंधरा दीस झालं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. पंधरा दिवस! आणि मला कुणी कळवलं नाही!

माझे मालक म्हणाले, त्यांच्या घरचा मामला आहे, तू पडू नको. मी म्हटलं, "माझी बहीण हाय, मीच पडनार." सकाळची पॅसेंजर धरली आणि एकटी गेले.

माझा मेहुणा कुंडलिक ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. मला बघून उठला सुद्धा नाही.

"पळाली तुजी भन," म्हणाला. "तोंडाला काळं फासलं आमच्या."

मी तडक आत गेले. कोपऱ्यात अक्काच्या वहाणा होत्या.

मी त्या उचलून त्याच्यापुढं आपटल्या. "दाजी, वैशाखात अनवानी पळाली व्हय? भुईवर लाह्या फुटत्यात आन् बाई ट्रकवाल्याबरुबर वहाना ठिवून गेली? आन् लेकरू पन ठिवून?"

त्यानं वहाणा पायानं बाजूला सारल्या. मग म्हणाला, "तू हितनं जा."

तेवढ्यात मला केरा दिसली. खाटेच्या मागं बसली होती. पोट खपाटीला, डोळे खोल. पायाला चिंधी बांधलेली आणि चिंधीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. चार वर्षांचं लेकरू! शेरडासारखं बांधलेलं!

माझ्या डोक्याची शीरच उठली. मी सोजरबाईला काय काय बोलले ते सून लिहीत नाहीये, बरंच आहे.

म्हातारी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दुपारची भाईर पळती गं ती. म्हनून बांदली."

"दुपारचीच?"

तिनं मान फिरवून चूल फुंकायला घेतली.

मी चिंधी सोडली. पोरीला भाकर कुस्करून दिली तर तिला गिळता येईना. बोलायची बंद झाली होती. मी सांगून टाकलं, "मी हिला नेते. हितं ऱ्हायली तर चार दिसांत मरंल."

कुंडलिक म्हणाला, "पोरगी न्हाय द्यायची. दिली तर लोक म्हनतील, ह्यांचंच कायतरी चुकलंय."

बघा! पोरगी मेली तर चालेल, पण लोकांनी काही म्हणायला नको. असल्या माणसाच्या घरात माझी अक्का सात वर्षं नांदली. त्या दिवशी त्यानं मला पोरीला घेऊन उंबरा ओलांडू दिला नाही. मीही हलले नाही. तिथंच बसून राहिले.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी…

सातभाई ओरडले.

ओढ्याकडून आवाज आला. तोच कालवा. मी सवयीनं काठी उचलून बाहेर आले, म्हटलं साप असेल. बाहेर बघते तर वस्तीवर चिटपाखरू नाही. शेजारची दारं लावलेली. गोठ्यातली बैलं कान टवकारून उभी.

बांधावर तो गोल दिसला. पक्षी खाली भुईवर, पंख पाडून, चोची आत करून ओरडत होते.

मी अगदी जवळ गेले. काठी पुढं धरली.

गोलाच्या मधे… काहीच नव्हतं.

तापलेली माती. बाभळीचे काटे. बाकी काही नाही. बीळ नाही, सरपटल्याची खूण नाही.

आणि मग तो गोल सरकला.

साप सरकतो तसा नाही. साप सरकला की पक्षी दचकून उडतात, परत बसतात. हा गोल सावकाश, एका चालीनं पायवाटेवर आला. डोक्यावर पाटी घेऊन बाई येते, त्या चालीनं. माझ्या बाजूनं गेला. मी वाट सोडून उभी राहिले, का ते मला माहीत नाही.

गोल अंगणात आला. ओट्याजवळ आला. उंबऱ्याशी थांबला.

आणि सगळे पक्षी एकदम गप झाले.

आतून सोजरबाईचा श्वास ऐकू येत होता. तिनं केराला छातीशी आवळून तोंडावर हात धरला होता. कुंडलिक भिंतीकडं तोंड करून उभा.

थोड्या वेळानं पक्षी परत ओरडायला लागले… आणि गोल ओढ्याकडं माघारी गेला.

मी ओढ्यात गेले. तुम्हाला वाटत असेल, आता हिला काही सापडलं असेल. नाही सापडलं! नखं तुटेपर्यंत वाळू उकरली. पोलीस पाटलाकडं गेले. तो दात कोरत म्हणाला, "पळालेल्या बायका वाळूत सापडत न्हाईत." त्याच्या घरात पाच बायका होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

रात्री मी सोजरबाईला धरलं. "मावशी, काय केलं माज्या अक्काचं?"

म्हातारी रडली. "मी माळावर शेन्या येचाय गेल्ते गं. आले तर ती घरात न्हवती. त्यो म्हनला पळाली. मी कसं काय बोलू? ल्योक हाय."

"आन् दुपारचं ते काय येतं?"

"पोरीला हुडकाय येतंय. पन पोरगी आपन इकलीया न्हवं? म्हनून गावत न्हाय. दारातनं माघारी जातंय." मग माझा हात धरून म्हणाली, "तू ने तिला. उद्या मी कुंडलिकाला आवरते."

मला राग आला का भीती वाटली, सांगता येत नाही. माझ्या मनात एकच घोळत होतं. अक्का असेल तर सातभाई असे का ओरडतात? तिनं त्यांना ओवाळलं होतं. बाईमाणसावर ते ओरडतच नाहीत.

मग येतं ते काय होतं?

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून मी केराला कडेवर घेतलं. कुंडलिक दारात आडवा आला. म्हातारीनं त्याचे पाय धरले. मी शिव्या दिल्या, त्यानंही दिल्या. भांडता भांडता ऊन कधी डोक्यावर आलं ते कळलंच नाही.

ओढ्याकडून पहिला आवाज आला…

सोजरबाई पांढरीफटक पडली. "कुंडलिका, सोड तिला. आता काय बोलू नगंस. गप ऱ्हा."

मी म्हटलं, "मी इकत घेतलीया हिला. पसाभर कण्या मोजून दिल्यात. मावशी, तुमीच पदर पसरला व्हता."

"व्हय, व्हय. इकली हाय. तिचीच हाय." म्हातारी मोठ्यानं बोलली. माझ्याशी नाही, दाराकडं तोंड करून.

कालवा अंगणात आला होता.

कुंडलिकाचा राग तुम्ही बघितलेला नाही. त्या रागात त्याला पुढचं-मागचं दिसायचं नाही. त्याच रागात त्यानं अक्काचं काय केलं असेल, हे मला त्या क्षणी कळलं. तो ओरडला, "कसली इकली! खुळ्या बायांनो! माजी लेक हाय ही! ह्या घरातली! महानंदाच्या पोटची!"

बाहेरचे पक्षी गप झाले.

उंबऱ्याशी.

माझ्या कडेवरची केरा हलली. पंधरवडाभर जिच्या तोंडातून शब्द नव्हता, ती मान वळवून रिकाम्या दाराकडं बघत होती. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"आई," म्हणाली.

आणि कालवा घराच्या आत सुरू झाला. पक्षी आत आले होते. भांड्यांवर, खाटेखाली, म्हातारीच्या पायात. कुंडलिक कोपऱ्यात दबून बसला होता, डोक्यावर हात घेऊन. पण गोल त्याच्याभोवती नव्हता. त्याच्याकडं एकानंही ढुंकून बघितलं नाही.

गोल माझ्याभोवती होता. माझ्या आणि पोरीच्या.

मी पळाले. दार एकच होतं. उंबरा ओलांडताना वैशाखाची झळ तोंडावर बसते ना… तेवढ्या जागेत झळ नव्हती. गार नाही, गरम नाही. काहीच नव्हतं. मी केराचं तोंड छातीत दाबलं आणि बोंबलत सुटले, "माजी हाय! विजीची हाय! अक्का, तू इकलीस! तूच इकलीस मला!"

केमपर्यंत अनवाणी पळाले. एका बाभळीवरचे सातभाई गप व्हायचे तोवर पुढच्या बाभळीवरचे सुरू व्हायचे. पोरगी माझ्या खांद्यावरून मागं बघत हात हलवत होती. तिला भीती वाटत नव्हती. तिनं एकदाही डोळे मिटले नाहीत.

स्टेशनात गाडी उभी होती. गाडी हलली तेव्हा फलाटावरच्या लिंबावर शेवटचा आवाज झाला. मग फक्त गाडीचा खडखडाट. मी रडले का विचारू नका.

केराला मीच वाढवलं. शाळेत, रेशनकार्डावर, लग्नाच्या पत्रिकेत, सगळीकडं विजयमालाची मुलगी. ती मला आई म्हणायची. मागचं तिला काही आठवत नाही, असं मी धरून चालले होते. महानंदाचं नाव आमच्या घरात कुणी काढायचं नाही, असा माझा दंडक होता. अक्काचं श्राद्ध सुद्धा मी घातलं नाही. कुणाच्या नावानं घालू?

आणि कुंडलिकाचं काय झालं, ते विचाराल. काही झालं नाही! पाप फेडावं लागतं म्हणतात ना, कुणाला लागतं? त्यानं दुसरं लग्न केलं, ऊस लावला, बंगला बांधला, ऐंशी पार करून झोपेत गेला. भुतानं सुद्धा त्याला हात लावला नाही. याचा राग मी मरताना बरोबर घेऊन जाणार आहे.

गेल्या महिन्यात माढ्याला लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत त्या वस्तीकडची एक बाई भेटली. गप्पांत सहज म्हणाली, "तुमची एक भन पळून गेल्ती न्हवं, ट्रकवाल्यासंगं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. मी तोंड उघडायच्या आत शेजारचं ताट खणकन वाजलं.

केरा उठून उभी राहिली होती. चोपन्न वर्षांची बाई, नातवंडं असलेली. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, "माझी आई पळून गेली नाही! मी महानंदाची लेक आहे! कळलं का सगळ्यांना? महानंदाची!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला धावले. उशीर झाला होता. खरं सांगू? मी घाबरले होते, आणि त्याच वेळी छाती भरून आली होती. पन्नास वर्षांत माझ्या अक्कासाठी कुणीतरी असं ओरडलं होतं. ते मला करता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुक्रवार पेठेत… सातभाई आले.

आमच्या गल्लीत झाड नाही. पत्रे आणि तारा. चिमण्या सुद्धा कमी झाल्यात. लोक मोबाईल काढून व्हिडिओ घेत होते, कुणाला वाटलं मांजर असेल. केरा दोन गल्ल्या पलीकडं राहते. मी चप्पल न घालता गेले. कालवा माझ्या पुढं पुढं चालला होता, सिमेंटच्या रस्त्यावर, पाटी घेतलेल्या बाईच्या चालीनं.

केराचं दार सताड उघडं होतं. ती उंबऱ्यात बसली होती.

"आत चल! दार लाव!" मी ओरडले. "म्हण, मी विजीची हाय. मोठ्यानं म्हण!"

तिनं माझ्याकडं बघितलं. शांतपणे म्हणाली, "मावशी, पन्नास वर्षं ती उन्हातच आहे. येऊ दे की."

मावशी. आजवर कधी म्हणाली नव्हती.

पक्षी तिच्या पायाशी येऊन गप झाले. केरा उंबऱ्यावर थोडी सरकली, एका अंगाला. शेजारी कुणाला बसायला जागा करून द्यावी, तेवढी.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. केरा जेवते, बोलते, पण तिचं जेवण कमी होत चाललंय आणि अंग गार लागतं. डॉक्टर म्हणतात काही नाही. ती आली ती लेकीला बघायला आली का न्यायला, मला माहीत नाही. ती अक्काच आहे का, ते सुद्धा माहीत नाही. अक्का असशील तर ऐक, तुझ्यावर माझा जीव होता, पण ही पोर मी अशी सोडणार नाही.

रोज दुपारी मी जाते आणि त्या उंबऱ्यावर केराच्या दुसऱ्या बाजूला बसते. तिचा एक हात माझ्या हातात असतो. तो मी घट्ट धरून ठेवते.

दुसरा हात ती पलीकडं मांडीशेजारी ठेवते. उताणा, बोटं किंचित मिटलेली.